सक्तीचा विमा, मर्जीची खिडकी

मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमात एक सरळ हुकूम आहे. सार्वजनिक रस्त्यावर वाहन न्यायचे असेल, तर त्या वाहनामुळे इतरांना होणाऱ्या इजेचा विमा उतरवलेला असलाच पाहिजे. नसेल तर १९६ वे कलम पुढे येते. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या खेपेस दोन हजार रुपये आणि पुन्हा सापडल्यास चार हजार रुपये दंड आहे. शिवाय तीन महिन्यांपर्यंतची कैदही होऊ शकते. हुकूम योग्य आहे, यात वाद नाही. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाने धडक देणाऱ्याची ऐपत पाहून धडक खावी, अशी अपेक्षा कोणताही शहाणा समाज करणार नाही. पण या हुकमाची दुसरी बाजू फारशी कोणी वाचत नाही. विमा घेणे सक्तीचे असेल, तर तो देणेही सक्तीचे असायला हवे की नको? आणि खिडकीपलीकडचा माणूस ‘या गाडीचा विमा आमच्याकडे होत नाही’ म्हणाला, तर मालकाने जायचे कोठे?

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. बँकेत वाहनकर्जाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला विम्याशी संबंध ठेवावाच लागतो. गाडीच्या आर.सी. बुकावर बँकेचे नाव असते, पॉलिसीवर बँकेचा उल्लेख असतो आणि पॉलिसी संपण्याची तारीख शाखेच्या नोंदवहीत असते. त्या नोंदवहीमुळे मला मराठवाड्याचे एक वेगळेच चित्र दिसले. अर्धापूरची केळी उत्तरेत नेणारे ट्रक, लातूरच्या डाळ गिरण्यांतून तूरडाळ भरून निघणारे टेम्पो, लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्यावर माणसे कोंबून धावणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपा, उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. या भागाचा संसार ज्या चाकांवर चालतो, ती ही चाके. आणि विमा कंपन्यांना नकोशी असलेली चाकेही नेमकी हीच.

नकार कधी ‘नाही’ या शब्दाने येत नाही, ही यातली गोम. तो आडवाटेने येतो. ‘सिस्टीम घेत नाही.’ ‘गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी आहे, वरून परवानगी आणावी लागेल.’ ‘नुसती थर्ड पार्टी देत नाही, फुल इन्शुरन्स घ्या.’ ‘साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या.’ माझ्या ओळखीच्या एका जीपमालकाची पॉलिसी शुक्रवारी मध्यरात्री संपणार होती. त्याने त्या आठवड्यात एका कंपनीच्या कचेरीत तीन चकरा मारल्या. हप्त्याचे पैसे खिशात होते, कागद पुरे होते. तिसऱ्या दिवशी त्याला कळले की प्रवासी जीपांचा धंदा या कचेरीला वाढवायचा नाही. हे त्याला कोणी लिहून दिले नाही. त्याने शनिवारी जीप घरी उभी ठेवली आणि रविवारी लग्नसराईचे भाडे आले म्हणून बाहेर काढली. त्या दिवशी काही घडले नाही, हे त्याचे आणि रस्त्यावरच्या इतरांचे नशीब. पण कायदा नशिबावर सोपवायचा असता, तर १४६ वे कलम लिहायची गरज नव्हती.

कंपन्यांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे, कारण ते अगदीच पोकळ नाही. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७३ पासून अमलात आले. शंभरावर कंपन्या एकत्र करून नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या झाल्या. मोटार विम्याचे दर ठरलेले असत. पुढे विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि १ जानेवारी २००७ पासून दरांवरचे बंधन बहुतांश सुटले. थर्ड पार्टीचे दर मात्र सरकारी नियंत्रणातच राहिले, आणि तसे राहणे रास्तही होते. आता हिशेब पाहा. दर कंपनीच्या हातात नाही, पण माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर द्यायच्या भरपाईला पॉलिसीत कमाल मर्यादाही नाही. दावा आज झालेल्या अपघाताचा, निकाल पाच-सात वर्षांनी, आणि रक्कम त्या वेळच्या न्यायालयीन सूत्राप्रमाणे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये भरपाईच्या गणिताला शिस्त लावली. २०१७ मध्ये घटनापीठाने स्वतःचा धंदा करणाऱ्यांच्या भावी उत्पन्नवाढीचाही विचार करायला सांगितले. पीडित कुटुंबांसाठी हे न्याय्यच झाले. पण कचेरीतल्या अधिकाऱ्याने त्यातून काय धडा घेतला? जुना ट्रक दिसला की मान हलवायची.

हे दिल्लीला ठाऊक नव्हते असे नाही. २००७ मध्येच व्यापारी वाहनांच्या थर्ड पार्टी विम्यासाठी सर्व कंपन्यांचा एक सामायिक ‘पूल’ करण्यात आला. म्हणजे तोटा झाला तर सगळ्यांनी वाटून घ्यायचा. तो पूल ३१ मार्च २०१२ ला संपला. त्याच्या जागी ‘नाकारलेल्या जोखमींचा पूल’ आला. त्याच्या नावातच कबुली होती की जोखमी नाकारल्या जातात. मग २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती झाली. प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीने थर्ड पार्टी विम्याचा ठरावीक किमान वाटा उचललाच पाहिजे, असे बंधन ३२ घ या कलमाने घातले. विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना बजावले आहे की नुसती थर्ड पार्टी पॉलिसी मागणाऱ्याला ती त्यांच्या कचेऱ्यांतून मिळाली पाहिजे. थोडक्यात, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा देताना कंपनी अटी घालू शकते, तपासणी मागू शकते, नाकारूही शकते. तो तिचा व्यापार आहे. थर्ड पार्टी हा मात्र नुसता व्यापार नव्हे. तो कायद्याने लोकांना दिलेला आधार आहे, आणि कंपनी तो पोचवणारी आहे.

दरांचा अंदाज असावा म्हणून सांगतो. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले, त्यांत १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये होते. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू वाहनाला १६,०४९, तर चाळीस टनांवरच्या ट्रकला ४४,२४२ रुपये. कर वेगळा. हे दर केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते, एजंट नव्हे. त्यामुळे ‘तुमच्या गाडीला थर्ड पार्टीच जादा पडेल’ असे कोणी म्हणाला, तर त्याच्याकडे अधिसूचना मागावी.

आता ग्राहकाच्या हक्कांकडे वळू. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्याकडे मोठ्या आशेने आला. ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी तो गावोगाव नेला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. नव्या कायद्यातली चांगली सोय अशी, की तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. कंपनीचे मुख्यालय मुंबईला असो की चेन्नईला, लातूरचा माणूस लातुरात आणि नांदेडचा नांदेडात दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

पण यातच एक फट आहे. ग्राहक कोण? ज्याने मोबदला दिला किंवा द्यायचे कबूल केले आणि सेवा घेतली, तो. हप्ता भरलेल्या माणसाचा दावा नाकारला, तर तो ग्राहक म्हणून दाद मागू शकतो. पण ज्याचा हप्ताच घेतला नाही, तो कायद्याच्या उंबरठ्यावरच राहतो. विमा लोकपालाच्या २०१७ च्या नियमांतही ‘हप्ता घेतल्यावर पॉलिसी न देणे’ ही तक्रार चालते. हप्ताच न घेणे या प्रकाराला तिथे स्वतंत्र जागा नाही. म्हणजे घरात आल्यावर यजमान नीट वागला नाही तर फिर्याद करता येते, दारच उघडले नाही तर नाही. कायदा करणाऱ्यांनी ग्राहकाला वस्तू घेतलेला माणूस समजले. सक्तीच्या वस्तूसाठी रांगेत उभा असलेला माणूस त्यांच्या नजरेतून सुटला.

न्यायालयांच्या नजरेतून मात्र तो पुरता सुटलेला नाही. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने आयुर्विमा महामंडळाविरुद्ध लढवलेला एक खटला १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. महामंडळाची एक स्वस्त योजना फक्त सरकारी, निमसरकारी आणि नामांकित व्यापारी संस्थांतल्या पगारदारांसाठी राखलेली होती. शेतकरी, कारागीर, किरकोळ दुकानदार यांना तिचे दार बंद. न्यायालयाने ती अट रद्द केली. विम्याच्या अटी न्याय्य आणि वाजवी असल्या पाहिजेत, असा त्या निकालाचा आशय. पुढे २००१ मध्ये आणखी एक प्रकरण आले. एका आरोग्य विमाधारकाने दाव्याच्या वादात ग्राहक मंचाकडे दाद मागितली, म्हणून सरकारी कंपनीने त्याच्या पॉलिसीचे नूतनीकरण नाकारले. न्यायालयाने सांगितले की दाद मागणे हे नूतनीकरण नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही आणि सरकारी कंपनीला मनमानी करता येणार नाही. दोन्ही खटले मोटारीचे नव्हेत. पण विमा देताना माणूस पाहून दार लावायचे नाही, हे तत्त्व दोन्हींत आहे. पुस्तकात असलेले हे तत्त्व अहमदपूरच्या जीपमालकापर्यंत पोचवणे, एवढेच उरले आहे.

दुसरा नकार येतो तो अपघातानंतर. पहिल्यापेक्षा तो अधिक महाग पडतो. चालकाकडे योग्य परवाना नव्हता, गाडीत माणसे जास्त होती, चोरीची खबर उशिरा दिली, अशी कारणे पत्रात येतात. साधा माणूस ते पत्र शेवटचा शब्द समजून कपाटात ठेवतो. तो शेवटचा शब्द नसतो. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की परवान्याच्या दोषाचे कारण सांगून कंपनीला पीडितापासून सहज सुटका मिळणार नाही. मालकाने जाणूनबुजून अट मोडली, हे तिने सिद्ध केले पाहिजे. ते सिद्ध झाले तरी आधी पीडिताला देऊन मग मालकाकडून वसूल करायला तिला सांगता येते. जुन्या १९९६ च्या निकालात मालवाहू गाडीत जादा माणसे होती, पण त्यांच्यामुळे अपघात झाला नव्हता. तेवढ्यावर गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळणे न्यायालयाला मान्य झाले नाही. चोरीची फिर्याद पोलिसात वेळेवर दिली असेल, तर कंपनीला उशिरा कळवले एवढ्याने दावा बुडत नाही, हे २०२० मध्ये ठरले. आणि हलक्या मोटारीच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने शिक्कामोर्तब केले. छोटा हत्ती आणि टेम्पो चालवणाऱ्या आपल्या हजारो पोरांसाठी हा निकाल मोलाचा आहे. ‘ट्रक धंद्यासाठी आहे, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ हा जुना युक्तिवादही २०२३ मध्ये ढिला पडला. विमा नुकसान भरून काढण्यासाठी असतो, नफा मिळवण्यासाठी नव्हे, असे न्यायालय म्हणाले.

तरीही एक जागा अशी आहे, जिथे न्यायालयही कंपनीच्या बाजूने उभे राहते, आणि ती आपल्या भागात रोज रस्त्यावर दिसते. मालवाहू गाडीत बसवलेली माणसे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस असेल तर १९९४ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण आहे. पण टेम्पोत बसलेले वऱ्हाड, ट्रॉलीत बसलेल्या बायका, बाजाराला निघालेले शेजारी यांची भरपाई मालवाहू वाहनाच्या विम्यातून मागता येत नाही, असा २००२ चा निकाल आहे. कधी न्यायालय आधी कंपनीला भरायला लावते, पण त्यावर विसंबता येत नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजुरीला निघालेल्या महिलांची ट्रॉली ट्रॅक्टरसह विहिरीत कोसळली. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात महिला गेल्या. सरकारने मदत जाहीर केली, ती योग्यच झाली. मदत मात्र सरकारच्या मनावर असते. भरपाई हक्काने मागता येते. त्या प्रकरणात विम्याचे काय झाले, यावर मला भाष्य करायचे नाही. पण रोज सकाळी नांदेड, हिंगोली, परभणी, लातूरच्या शिवारांत शेकडो ट्रॉल्या मजूर घेऊन निघतात. त्यांत बसलेल्या बाईला आपण कोणत्या विम्यात आहोत हे ठाऊक नसते. बहुतेकदा ती कोणत्याच विम्यात नसते.

ट्रॅक्टरमालकाचेही यात मरण आहे. विमा लागू नाही असे ठरले की भरपाईचा हुकूम त्याच्या डोक्यावर येतो. त्याच्याकडे असते काय? चार एकर जमीन आणि बँकेचे कर्ज असलेला तोच ट्रॅक्टर. एका अपघाताने दोन घरे बसतात. मेलेल्याचे आणि मालकाचे. आणि बहुतेक वेळा ती दोन्ही घरे एकाच गावातली असतात, एकाच देवळात जाणारी.

मग करायचे काय? कुटुंबातल्या ज्याच्या हाती गाडीचे कागद असतात, त्याने काही गोष्टी नेमाने कराव्यात. पॉलिसी संपण्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर पंधरा दिवस आधी लिहून ठेवावी. मोटार विम्याला सवलतीचे दिवस नसतात. मध्यरात्री संपली म्हणजे संपली. नव्वद दिवसांवर खंड पडला तर दावा न केल्याची सूटही जाते, आणि ती पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकते. जुनी गाडी पुण्याहून किंवा हैदराबादहून आणली, तर चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा. नाही तर गाडी तुमची, पॉलिसी दुसऱ्याची आणि नुकसानभरपाई कोणाचीच नाही, अशी गत होते. पॉलिसी खरी आहे का, हे परिवहन खात्याच्या ‘एम-परिवहन’वर गाडीचा क्रमांक टाकून पाहावे. नकली पॉलिसी विकणारेही याच नकाराच्या अंधारात धंदा करतात. मजूर नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या मालकाने, जादा हप्ता भरून मजुरांची जबाबदारी पॉलिसीत घेता येईल का, हे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

आणि कोणी पॉलिसी नाकारली, तर भांडू नका, कागद मागा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकाराचे कारण लेखी मागा. विमाधारकांच्या हिताच्या २००२ च्या विनियमांपासूनच प्रस्तावावरचा निर्णय लेखी कळवण्याचे बंधन कंपन्यांवर आले. आमच्या बँकेतला अनुभव सांगतो: जो नकार तोंडी सहज देता येतो, तो कागदावर उतरवताना साहेबाचा हात थबकतो. निम्मे नकार तिथेच विरतात. उरलेल्यांसाठी कंपनीचा तक्रार अधिकारी आहे. नियामक प्राधिकरणाचे ‘बीमा भरोसा’ हे दालन आहे आणि त्याचा दूरध्वनी १५५२५५ आहे. दावा नाकारला गेला असेल तर विमा लोकपाल आहे. आपल्या भागासाठी तो पुण्यात बसतो. कंपनीकडे आधी लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहायची आणि नकारापासून वर्षाच्या आत त्याच्याकडे जायचे. खर्च काही नाही, पन्नास लाखांपर्यंतचे वाद तो ऐकतो आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर पुढचे मार्ग खुले राहतात.

पण सगळा भार नागरिकाच्या सावधपणावर टाकून मोकळे होणे बरे नव्हे. ज्याला दोन हजारांचा दंड होतो, त्याला विमा मिळाला नाही तो कोणामुळे, हेही विचारले गेले पाहिजे. दोन साध्या गोष्टी करता येतील. थर्ड पार्टी विमा नाकारणाऱ्या कचेरीने त्याच दिवशी कारणासह छापील नकारपत्र द्यावे आणि त्याची प्रत नियामकाकडे जावी. ते न देणाऱ्या कंपनीला दंड व्हावा, तोही वाहनमालकाला होतो त्यापेक्षा कमी नसावा. दुसरी गोष्ट साखर कारखान्यांनी आणि ठेकेदारांनी करायची. हंगामासाठी ट्रॅक्टरचा करार करताना तोडणी मजुरांच्या विम्याची पावती करारालाच जोडलेली असावी. उसाच्या वजनाची पावती जितक्या काटेकोरपणे तपासली जाते, तितक्याच काटेकोरपणे हीही तपासावी.

ऑक्टोबर उजाडला की मांजरा आणि गोदावरीच्या काठांनी ट्रॅक्टर पुन्हा रस्त्यावर येतील. ट्रॉलीत कोयते, भांडी, अंथरुणे आणि त्यांवर बसलेली लेकरे असतील. त्याआधी कारखान्यांच्या संचालकांनी, कंपन्यांच्या शाखाधिकाऱ्यांनी आणि परिवहन कचेरीने एकत्र बसून एवढे काम उरकावे. त्याला नवा कायदा लागत नाही.